घोंगडीवर राहिलेला हात

आमच्या घरात खंडेनवमीला सोप्यात घोंगडी अंथरतात आणि वर्षभर ज्याच्यावर पोट चाललं ते सगळं तिच्यावर मांडतात. मी लग्न होऊन मिरजगावजवळच्या या वस्तीवर आले ती बहात्तरच्या दुष्काळात. त्या वर्षी माझ्या सासूबाईंनी, रंगुबाईंनी, घोंगडीवर नांगर ठेवला नाही. नांगराने त्या वर्षी काही दिलंच नव्हतं. खडी फोडायच्या हातोड्या तेवढ्या ठेवल्या, त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि दुष्काळी कामावर मिळालेल्या सुकडीचा, म्हणजे गोडसर पिठाचा, नैवेद्य दाखवला.

पुढे घोंगडीवर काय आलं आणि काय गेलं ते सगळं मला आठवतं. मोटेचा नाडा गेला, इंजिनाचं हँडल आलं. पेरायची पाभर गेली. दुधाची मापं आली. मी बालवाडी चालवायचे तेव्हा माझी पितळी घंटा असायची. माझे मालक रामहरी होते तोवर त्यांचा अडकित्ताही असायचा; तो पोटाचा नाही, चैनीचा आहे, असं मी म्हटलं की ते म्हणायचे, "तुजी घंटा तरी कुटं पोटाची हाय? पगार येतो का वेळेवर?" त्यांच्यामागे मुलगा अजिनाथ पूजा करायला लागला आणि मोबाईलसुद्धा घोंगडीवर आला.

नियम एकच. मांडलेली वस्तू नवमीला वापरायची नाही. दसऱ्याला सोनं लुटून झालं की ज्याची त्याने उचलायची, दुसऱ्याने उचलायची नाही.

यंदा घोंगडीवर माझ्या नातीचा हात होता.

स्नेहल पाचवीत असताना तिचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला. कुट्टी म्हणजे चारा बारीक करायचं यंत्र. वीज गेली होती. अजिनाथ बटण चालूच ठेवून विहिरीकडे गेला. आत मक्याचं एक धाट अडकलं होतं, ते ओढायला पोरीने हात घातला आणि वीज आली. मनगटाच्या वर चार बोटांपर्यंतचा भाग गेला, कोपर राहिला. दुसऱ्या दिवशी गाईंना चारा लागलाच, तो शेजाऱ्यांनी घातला. नंतर अजिनाथने त्याच यंत्राला लोखंडी जाळी मारून घेतली आणि तेच वापरायला लागला. दुसरं घ्यायची ऐपत नव्हती आणि गाई उपाशी ठेवता येत नाहीत. पण खंडेनवमीला त्याने कुट्टीला कुंकू लावायचं बंद केलं. कोणी विचारलं नाही. स्नेहल तेव्हापासून गोठ्याकडे फिरकली नाही.

नगरला एका संस्थेच्या शिबिरात तिला यंत्राचा हात मिळाला. कोपराखालची शीर आवळली की बोटं मिटतात, सैल सोडली की उघडतात. झीं असा बारीक आवाज येतो. रात्री मोबाईलसारखा चार्जिंगला लावावा लागतो. वरून कातड्यासारखा मोजा असतो, तो आमच्या घरातल्या कोणाच्याही रंगापेक्षा उजळ. माझी जाऊ गोजरबाई पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरगी आपली, हात पुन्याचा." स्नेहलने त्याच दिवशी तो खोक्यात घालून माळ्यावर टाकला.

तो माळ्यावरून खाली आला तो मालिकेमुळे. मी कार्टून म्हटलं की स्नेहलला राग येतो. "आज्जी, कार्टून न्हाई, ॲनिमे." नाव जपानी होतं, मला कधीच नीट म्हणता आलं नाही. बापाच्या जुन्या मोबाईलवर ती बघायची, खाली हिंदी अक्षरं यायची, आणि मला दिसत नाहीत म्हणून मोठ्याने वाचून दाखवायची. एका बेटावर मुलांची शाळा आहे. बाहेरच्यांना वाटतं अनाथाश्रम. खरं म्हणजे अपघातातून वाचलेली, मागे कोणी नसलेली मुलं तिथे आणतात, त्यांना यंत्राचे हातपाय बसवतात, औषध देऊन मागचं सगळं विसरायला लावतात आणि माणसं मारायला पाठवतात. त्यात सायो नावाची एक मुलगी. तिचाही उजवाच हात.

पहिल्या भागात, स्नेहल त्याला सीझन म्हणते, सायोला एक म्हातारा स्वयंपाकी त्या हाताने पेअर सोलायला शिकवतो. फळ सारखं चिरडतं, तो सारखं दुसरं देतो. शेवटी शेवटी ती न तुटता लांब साल काढते. मग त्याच म्हाताऱ्याला मारायचा हुकूम येतो आणि ती बंदूक खाली ठेवते. पहिला भाग तिथे संपला.  दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं खोकं खाली आलं होतं आणि पोरगी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. निम्म्या शेंगांचा चुरा झाला. तो गोड लागतो असं सांगत मी चटणी केली. दिवाळीपर्यंत दाणे अख्खे निघायला लागले. उन्हाळ्यात त्या हाताने सायकलचं हँडल धरता आलं आणि जूनपासून ती मिरजगावच्या शाळेत सायकलने जायला लागली.

यंदा पावसाळा संपता संपता दुसरा भाग आला. आठवड्याला एक एपिसोड, असा.

दुसऱ्या भागात सायोला काहीच आठवत नाही. बंदूक खाली ठेवली म्हणून तिला पुन्हा औषध दिलेलं आहे आणि नवा हात बसवला आहे. संध्याकाळी कामावरून आलेल्या मुलांचे हात काढून घेतात आणि बंदुकांच्या शेजारी भिंतीला टांगतात. एक माणूस तेलाचं फडकं घेऊन येतो. आधी बंदुका पुसतो, मग त्याच फडक्याने हात पुसतो. मुलं एका रांगेत बिनहातांची उभी असतात.

"बगितलं?" स्नेहल म्हणाली. "फडकं पन बदललं न्हाई."

हे आम्ही बघितलं आणि त्याच आठवड्यात खंडेनवमी आली.

अजिनाथने सकाळी सगळं बाहेर काढलं. विळे, खुरपी, कोयता, फवारणीचा पंप, दुधाची किटली. मग गोठ्यात गेला आणि कुट्टीची पाती सोडवून आणली. ती तो पुन्हा पूजेला घेतो आहे हे बघून सूनबाई, मोनिका, चुलीपाशी थांबली. पोरगी सायकल चालवायला लागल्यापासून त्याच्या मनात काहीतरी निवळलं असावं. त्याने एरंडेल लावलेलं फडकं घेऊन पाती पुसली. कोयता पुसला. स्नेहल अंघोळीला गेली होती, तिचा हात चार्जिंगच्या बोर्डापाशी होता. अजिनाथने तो अलगद उचलला, बोट न् बोट त्याच फडक्याने पुसलं आणि घोंगडीवर पात्यांच्या शेजारी ठेवला. मी बोलायला तोंड उघडेपर्यंत त्याने हळदकुंकू लावलंसुद्धा. झेंडूचं एक फूल तळव्यात ठेवलं.

स्नेहल केस पुसत बाहेर आली.

"पप्पा, माजा हात तितं का ठिवला?"

"आज नवमी न्हाई का. पूजा हाय सगळ्यांची."

"सगळ्यांची म्हंजी कुनाची?"

"हत्यारांची," अजिनाथ म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. आम्ही सगळे तेच म्हणतो.

स्नेहल फडक्याकडे बघत होती.

"मंग मी पन बसते की घोंगडीवर. मला पन लावा तेल."

"बाप हाय तुजा, नीट बोल," मोनिका आतून म्हणाली.

"अगं, ह्याच्यामुळं तू सायकल चालवती," अजिनाथ म्हणाला. "ज्याच्यामुळं आपलं चालतंय त्याच्या पाया पडायचं नाही व्हय? मी इंजिनाच्या पाया पडतो, गाईच्या पडतो. तुज्या हाताच्या पडलो तर बिघडलं काय?"

"इंजिनाच्या पडता ना. तेच म्हनते मी."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. अजिनाथने आरती केली. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

त्याने मालिका बघितली नव्हती आणि तिने त्याला सांगितलीही नव्हती. दुपारी मी त्याला भिंतीवरच्या हातांचं सांगितलं. तो खुरप्याची मूठ बघत बसला. "जपानच्या लोकांनी काय केलं त्याचं मला का?" एवढं म्हणाला आणि थोड्या वेळाने विचारलं, "फडकं पन तसंच हुतं?"

"हो."

दसऱ्याला घट उठले, सोनं लुटून झालं. स्नेहल डाव्या हाताने आपट्याची पानं वाटत होती. गोजरबाईंच्या हातात दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "डाव्या हातानं सोनं देती व्हय गं? तुजा लोखंडाचा कुटं गेला?"

"पूजेला बसलाय, आज्जी. उटत न्हाई."

गोजरबाई हसल्या, त्यांच्याबरोबर आलेल्या बायका हसल्या. अजिनाथ पानांची जुडी सोडवत राहिला.

ज्याची त्याने वस्तू उचलली. मोनिकाने विळा घेतला, अजिनाथने पाती नेऊन कुट्टीला बसवली. घोंगडीवर हात तेवढा राहिला. झेंडूचं फूल वाळलं तरी तो तिथेच. मोनिका केर काढताना घोंगडीच्या कडेकडेने झाडू फिरवायची. दुपारी मांजर येऊन हाताला टेकून झोपायचं. सायकल भिंतीला लागली होती. अजिनाथ दूध घालून आला की पोरीला मोटरसायकलवर शाळेत सोडायचा. ती मागे बसायची आणि उजवी बाही दप्तराच्या पट्ट्यात खोचायची, जशी सुरुवातीला खोचायची तशी.

"आत्या, तुमीच उचलून द्या की तिला," मोनिका मला म्हणाली.

"माझा नाही तो. मी कसा उचलू?"

"तुमचा नियम आन् तुमी." तिने झाडू आपटला. "लेकराच्या हाताला कसला नियम लावायचा?"

तिचं चुकत नव्हतं. पण मी उचलून दिला असता तरी तो पुन्हा माळ्यावर गेला असता. ते तिलाही कळत होतं.

मग संस्थेचा निरोप आला. अजिनाथने मोबाईलवर वाचून दाखवला. रविवारी नगरला तपासणी. हात किती वापरला जातो ते त्याच्या आतल्या यंत्रात कळतं. वापरात नसेल तर परत घेऊन यादीतल्या पुढच्या मुलाला देणार. त्याने वाचून स्नेहलकडे बघितलं.

"द्या की त्याला," ती म्हणाली. "त्याच्या बापाला सांगा, फकस्त पूजा करू नको म्हनावं."

अजिनाथ जेवणाच्या ताटावरून उठला नाही, पण पुढे जेवलाही नाही. मोनिकाने ताट उचललं तेव्हा भाकरी तशीच होती.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी स्नेहल आली आणि मोबाईल घेऊन माझ्या शेजारी बसली. दुसऱ्या भागाचा शेवटचा एपिसोड आला होता. तिने वाचून दाखवायला सुरुवात केली.

त्या म्हाताऱ्या स्वयंपाक्याला मारायला सायोलाच पाठवतात. तो एका गावात लपून राहिला आहे. ती दारात उभी राहते, तो तिला ओळखतो, ती त्याला ओळखत नाही. तो काही विनवणी करत नाही. टेबलावरचा पेअर आणि सुरी तिच्यापुढे सरकवतो. ती फळाकडे बघते, मग स्वतःच्या हाताकडे. बोटं जराशी हलतात. पडदा पांढरा होतो. गोळीचा आवाज येतो. संपलं.

स्नेहलने मोबाईल पुढेमागे केला. पुढे काही नव्हतं, नावंच होती.

"हे काय! मारला का न्हाई मारला? काईच न्हाई सांगितलं. ह्यांना अजून एक सीझन काढायचाय, म्हनून." तिने मोबाईल पालथा ठेवला. "पहिला भाग किती चांगला हुता. घान केली सगळी."

मी सुपारी कातरत होते. अडकित्ता आता माझ्याकडे असतो.

"आज्जी, त्या येड्या म्हाताऱ्यानं बोलायचं ना. फळ काय सरकवतो? तिला आठवत न्हाई ना काई. सांगायचं, पोरी, तुजा हात कशासाठी हाय ते."

"त्याला वाटलं असेल, फळ बघून कळेल."

"न्हाई कळत. औषध दिल्यावर कसं कळंल?"

"तुझ्या बापालाही वाटलं, फूल ठेवलं की कळेल."

तिने पालथा मोबाईल सरळ केला.  मग मी माझ्या माहेरचं सांगितलं, ते सांगायचं म्हणून नव्हे, आठवलं म्हणून. माझं माहेर कोपरगावकडचं, गोदावरीच्या काठचं. तिथे आमच्या घरी नवमीला आधी माणसांना बसवायचे. औत धरणारा, पाणी धरणारा, खुरपणाऱ्या बाया, सगळ्यांनी हात पुढे करायचे. माझी आई प्रत्येकाच्या मनगटावर कुंकू लावायची. आधी हाताला, मग हत्याराला. मी लहान होते, मी काय काम करायचे, तर राखण. बाजरीवरची पाखरं हाकायची. तरी मलाही लावायची.

"मंग हितं का न्हाई करत?"

"मी आले त्या वर्षी रंगुबाईंना सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, हाताला फोड आलेत, कुंकू लावायला जागा नाही. खरंच नव्हती. मग राहूनच गेलं."

"म्हंजी पप्पाच्या हाताला कदीच न्हाई लावलं कुनी?"

"कोण लावणार?"

स्नेहल उठून सोप्यात गेली. मी अडकित्ता खाली ठेवला नाही. घोंगडीवरून मांजर हाकलल्याचा आवाज आला. मग चार्जिंगच्या बोर्डाची खटकी. मोनिका परड्यातून आली, तिने रिकाम्या घोंगडीकडे बघितलं आणि ती झटकून, घडी करून ट्रंकेत टाकली. मांजराला दुसरी जागा शोधावी लागली.

धारांची वेळ झाली तेव्हा अजिनाथ गोठ्यात कुट्टी चालवत होता. स्नेहल हात चढवून बाहेर आली. डाव्या हातात कुंकवाची डबी. अंगणाच्या कडेला, जिथून गोठ्याचा उतार लागतो, तिथे ती थांबली. मी ओसरीवरून बघत होते. यंत्राचा आवाज लांबूनही दणदणत होता. ती पुढे गेली.

अजिनाथला ती दिसली. त्याने आधी बटण बंद केलं. मग वायर ओढून काढली. मग भिंतीवरचा मोठा खटका खाली पाडला. तरीही यंत्राच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"काय गं? हिकडं कशाला आली?"

"हात पुढं करा."

"धारा काढायच्यात मला."

"करा म्हनते ना."

त्याने लुंगीसारखा गुंडाळलेला टॉवेल सावरला आणि डावा हात पुढे केला.

"उजवा," स्नेहल म्हणाली. "बटनाचा."

त्याने तळवा टॉवेलला पुसला. मग उजवा हात पुढे केला. तिने डबी छातीशी धरली, यंत्राची बोटं आत घातली. झीं आवाज झाला तशी जवळची जर्सी गाय दावं ताणून मागे सरली. चिमूट नीट धरली गेली नाही, निम्मं कुंकू शेणात पडलं.

"हलू नका पप्पा. ह्याला अंदाज येत न्हाई. पूजा केल्यापास्नं माजलाय."

अजिनाथच्या तोंडून हुंदका आला की हसू, ते मला ओसरीवरून कळलं नाही. दुसऱ्या चिमटीला कुंकू त्याच्या मनगटावर लागलं, तळव्यावर सांडलं, बाहीवर गेलं. मग तोही तिच्या डबीत बोट बुडवायला लागला, तर ती म्हणाली, "मला आता नगं, उद्या संस्थेच्या मॅडम बगनार हायत." आणि वर चढून आली. त्याने खटका वर केला, वायर लावली, बटण दाबलं. उरलेला चारा कापून घेतला.

रविवारी ते दोघे नगरला गेले. तिथल्या मॅडमनी हात उघडून बघितला. मध्ये काही दिवस तो बंद होता तो का, असं विचारलं. स्नेहलने सांगितलं, सुट्टीवर होता. शेंगा फोडून दाखवायला सांगितल्या, तिने फोडून दाखवल्या आणि दाणे मॅडमना खायला दिले. मोज्यावर हळदीचे पिवळे डाग होते, एरंडेलाचे काळपट, कुंकवाचे तांबडे. मॅडमनी घासून बघितलं. निघेनात.

"नवा मोजा देऊ का? का राहू दे हा?"

अजिनाथने मला सांगितलं की त्याला वाटलं होतं, पोरगी राहू दे म्हणेल. ती म्हणाली, "नवा द्या. आन् सावळा असंल तर बगा, हा लई गोरा पडतो." त्यांनी चार-पाच काढून दाखवले. त्यातला एक बराचसा जुळला.

सोमवारी ती सायकलने शाळेत गेली. तिसरा भाग येणार आहे म्हणते. शिव्या देते आणि वाटही बघते.

जुना मोजा तिने घरी आणला होता. टाकवेना आणि ठेवायला जागा नाही. ज्वारीत दाणे भरायला लागले तेव्हा अजिनाथने बुजगावणं उभं केलं, त्याच्या उजव्या हाताला तिने तो पेंढा भरून चढवला. पाखरं त्याला भीत नाहीत. बोटांवर येऊन बसतात, तिथूनच कणसावर उतरतात. गोजरबाईंनी मात्र आमच्या बांधावरून येणं सोडलं आहे, त्या आता कॅनॉलकडून वळसा घालून येतात.